दारू सोडायचीय, पण एएची मीटिंग शोधायची कशी आणि आत जायचं कसं

कोणीतरी सांगितलेलं असतं की "अरे एएची मीटिंग कर, फरक पडेल", पण ती एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, मीटिंग असते कुठं, घेतं कोण, पैसे किती, आत गेल्यावर काय काय विचारतात यातलं काहीच माहीत नसतं, आणि विचारायचं तरी कोणाला, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी स्वतः अल्कोहोलिक आहे, बरीच वर्षं झाली सोबर आहे, म्हणजे दारूशिवाय आहे, आणि आमच्या ग्रुपला येणारे फोन घेतो. त्या फोनांवरून सांगतो, पत्ता मिळणं फार अवघड नाहीये, लोक अडकतात ते पत्ता मिळाल्यापासून दारातून आत पाय टाकेपर्यंतच्या टप्प्यात. पत्ता खिशात घेऊन महिनोन्‌महिने फिरणारी माणसं आहेत. त्यामुळे खाली मीटिंग शोधायची कशी ते तर आहेच, पण जास्त करून तो मधला टप्पा कसा पार करायचा ते आहे.

पण त्याच्या आधी एक गोष्ट, ही प्लीज वगळू नका. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, घाम फुटतो, थोडी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही, आणि असं बऱ्याच दिवसांपासून चाललंय, तर "आजपासून एकदम बंद" हे घरच्या घरी परस्पर करू नका. शरीराला सवय लागलेली असते, अचानक तोडली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काही जण भ्रमात जातात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, आणि घरचे बिचारे बाहेरची बाधा झाली समजून अंगारा लावत बसतात. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, यात माणूस दगावू शकतो. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथं जाऊन खरं किती पितो ते सांगायचं, ते काही दिवसांची औषधं देतात, गरज वाटली तर ॲडमिट करून घेतात, बी१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात. फिट आली किंवा माणूस बडबडायला लागला तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स, वाट बघायची नाही. डॉक्टरकडे गेलं म्हणजे मीटिंग नको असं काही नसतं, दोन्ही बरोबर चालतं, डॉक्टर शरीरातून दारू काढतात आणि मीटिंग परत तिकडे वळू न देण्यासाठी असते.

आता एए म्हणजे काय, थोडक्यात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूने संपायला आलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की पिणाऱ्याला पिणाऱ्याचंच पटतं. भारतात हे १९५७ मध्ये आलं. आज मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, गोवा सगळीकडे ग्रुप आहेत, मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी ज्या त्या भागात जी भाषा चालते तिच्यात. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, मेंबर व्हायची एकच अट, दारू सोडायची इच्छा. सुटलेली पाहिजे असंही नाही, फक्त इच्छा. आणि ही कुठल्या धर्माची, पक्षाची, सरकारची संस्था नाहीये, व्यसनमुक्ती केंद्रही नाहीये, इथं डॉक्टर, काउन्सेलर कोणी नसतं, सगळे पेशंटच.

शोधायचं कसं. सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे एए इंडियाची वेबसाइट, तिथं राज्य आणि शहर टाकून मीटिंगांची यादी बघता येते, वार, वेळ, पत्ता, भाषा. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी इंटरग्रुप म्हणून ऑफिस असतं, म्हणजे त्या भागातले सगळे ग्रुप मिळून चालवतात, तिथला हेल्पलाइनचा फोन सोबर झालेली माणसंच उचलतात. गूगल मॅपवर शोधून थेट निघू नका हं, तिथे जुने पत्ते पडलेले असतात, शाळेचा हॉल बदललेला असतो, वेळ बदललेली असते, आणि पहिल्यांदा हिंमत करून गेलेला माणूस कुलूप बघून परत फिरला की तो परत येईलच असं सांगता येत नाही. म्हणून यादी कुठूनही घ्या पण निघायच्या आधी फोन करून खात्री करा.

इंटरनेट जमत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे १४४४६, तिथं जवळचं केंद्र विचारता येतं. मन फारच खचलं असेल, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. मनोविकार ओपीडीतल्या सोशल वर्करला पण विचारा, त्यांना बहुतेक वेळा आसपासचे ग्रुप माहीत असतात. मुंबईत, वसईत, गोव्यात चर्चच्या आवारात बऱ्याच मीटिंगा भरतात, तिथं चर्चच्या ऑफिसात नुसतं "एएची मीटिंग कधी असते" विचारलं तरी सांगतात, चर्चची जागा म्हणून बिचकू नका, जागा भाड्याने किंवा सेवा म्हणून दिलेली असते, बाकी संबंध नाही. पुणेकरांना मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र माहीत असेलच, १९८६ पासून येरवड्याला आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथं उपचार घेतलेल्यांसाठी पुण्याबाहेरही फॉलोअपच्या मीटिंगा होतात, तुम्ही किंवा घरातलं कोणी तिथं राहून आलं असेल तर आपल्या गावाजवळची कुठली ते तिथंच विचारून घ्या. ती एएची मीटिंग नसते, पद्धत थोडी वेगळी, पण बसायला माणसं आपल्यासारखीच असतात.

आता फोन. हा फोन लोकांना फार जड जातो, नंबर लावतात आणि रिंग गेली की कट करतात, आम्हाला ते कळतं, आम्ही उलटा फोन करून "कोण बोलतंय" असं विचारत नाही, घरात दुसऱ्या कोणी उचलला तर पंचाईत नको म्हणून. तुम्हाला नाव सांगायची गरज नाही. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच बोला, "मला दारूचा त्रास आहे, मी अमुक भागात राहतो, जवळ मराठी मीटिंग कुठं आहे?" बाकीचं समोरचा बोलेल. आणि मग हे एक वाक्य विसरू नका, "मी पहिल्यांदाच येतोय, कोणी बाहेर भेटेल का?" ह्या एका वाक्याने जे काम होतं ते पत्त्याने होत नाही. भेटणारा स्टेशनबाहेर, रिक्षा स्टँडला, शाळेच्या गेटपाशी येऊन थांबतो, तुमचं नाव माहीत नसलं तरी चालतं, शर्टाचा रंग सांगा. मग आत एकट्याने जायची वेळच येत नाही. त्याच फोनवर अजून एक विचारून घ्या, ती मीटिंग ओपन आहे का क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे तेच, ओपनला बायको, भाऊ, मित्र कोणीही बरोबर बसू शकतं. पहिल्यांदा बायकोला बरोबर घेऊन यायचं असेल तर ओपनच निवडा, नाहीतर तिला बाहेर बसावं लागतं.

एकाच भागात दोन-तीन मीटिंगा असल्या तर कुठली घ्यायची? जवळची घ्या असं सगळे सांगतात, मी म्हणेन तुमच्या प्यायच्या वेळेची घ्या. संध्याकाळी सात ते नऊ हा बऱ्याच जणांचा घसरायचा टाइम, ऑफिस सुटलं, पाय आपोआप त्या गल्लीत वळतात, आणि बहुतेक मीटिंगा संध्याकाळीच असतात ते बरंच आहे. दिवसा पीत असाल तर सकाळची शोधा. ज्या दिवशी पगार होतो, ज्या दिवशी आठवडी बाजार असतो, शनिवार रात्र, तुमचा जो वार वाईट त्या वाराची मीटिंग पक्की करा. आणि जायचा रस्ता आधी ठरवा, मध्ये नेहमीचा बार किंवा देशीचं दुकान लागत असेल तर दोन स्टॉप पुढे उतरून मागे चालत या, खरंच. घराजवळ ओळखीचे बघतील अशी फारच भीती असेल तर सुरुवातीला दोन स्टेशनं लांबचा ग्रुप धरा, नंतर भीती गेली की जवळचा.

आत काय होतं ते सांगतो म्हणजे धाकधूक कमी होईल. समजा महापालिकेच्या शाळेचा वर्ग आहे, लहान मुलांचे बाक बाजूला सरकवून खुर्च्या गोल किंवा रांगेत लावलेल्या, भिंतीवर पाढ्यांच्या तक्त्याशेजारी दोन कापडी बॅनर टांगतात, एकावर १२ पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहायचा एएचा मार्ग, दुसऱ्यावर १२ परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा ते. टेबलावर पुस्तकं, पत्रकं, एका कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि कागदी कप, चहा द्यायला जो उभा असतो तो बहुतेक वेळा नवाच मेंबर असतो, त्याला मुद्दाम ते काम देतात कारण हाताला काम असलं की अवघडल्यासारखं होत नाही. माणसं सगळ्या प्रकारची, रिक्षावाला, बँकेतला ऑफिसर, रिटायर्ड शिक्षक, कॉलेजचा पोरगा. वेळेवर सुरू होते. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना किंवा शांतता, मग एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात, मग एकेक जण बोलतो, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक", बाकीचे नाव घेऊन नमस्कार म्हणतात, आणि तो आपली हकिकत सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, "असं कसं केलंस" म्हणत नाही. तास-दीड तासात संपते. मध्येच एक थैली फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, हॉलचं भाडं आणि चहासाठी, बाहेरच्या कोणाकडून देणगी घ्यायची नाही असा एएचा नियम आहे. नव्या माणसाने टाकायची गरज नाही, थैली तशीच पुढे द्या, कोणी बघत नाही.

तुमच्याकडे बघून विचारतील, "कोणी पहिल्यांदा आलंय का?" हात वर करायचा नसेल तर करू नका. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" एवढं बस. "मी अल्कोहोलिक" हे तोंडातून निघत नसेल तर नुसतं नाव सांगा.

पिऊन आलो तर चालतं का, हे मला फोनवर फार वेळा विचारतात. चालतं. पिऊन आलात म्हणून हाकलत नाहीत, शांत बसा, दुसऱ्याला बोलू द्या, बाटली बरोबर आणू नका, एवढंच. न पिता यायला जमत नाही म्हणून तर मीटिंग आहे.

ओळखीचं कोणी भेटलं तर? भेटू शकतं. पण तो तिथं का आलाय याचा विचार करा, तोही त्याच कामाला आलाय, आणि इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं हा पहिला शब्द असतो. फोटो काढत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. देवाचं काय? १२ पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण "ज्याला जसा समजला तसा". आमच्याकडे गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी आहेत, रोज नमाज पढणारे आहेत, चर्चला जाणारे आहेत आणि देवबिव काही न मानणारेही आहेत, ते ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि त्यांचं व्यवस्थित चाललंय. माळ घालून ज्याची सुटली त्याचं सोनं झालं, ज्याची माळ घालूनही परत लागली त्याने स्वतःला पापी समजून घरात बसू नये, हा आजार आहे, त्याने मीटिंगला यावं.

बायकांसाठी वेगळं लिहायला पाहिजे. बायका पितात हे आपल्याकडे कोणी बोलतच नाही, त्यामुळे त्या येतात त्या फार उशिरा आणि फार एकट्या येतात. ज्या ग्रुपमध्ये वीस पुरुष आणि एक बाई असते तिथं पहिल्या दिवशी बसणं सोपं नाही. हेल्पलाइनवर सरळ सांगा, "मला लेडीज मेंबरशी बोलायचंय", त्या तुम्हाला फोन करतील. मोठ्या शहरांत फक्त बायकांच्या मीटिंगा असतात, ऑनलाइन तर नक्कीच सापडतात. मुक्तांगणचा निशिगंध हा खास स्त्रियांसाठीचा विभाग आहे, राहून उपचार घ्यायचे असतील तर तिथं चौकशी करा. आणि नंबर द्यायचा तो ग्रुपमधल्या बाईलाच द्या, कोणी पुरुष मेंबर कितीही चांगला वाटला तरी सुरुवातीला नको, जुने मेंबर स्वतःच हे सांगतील.

घरच्यांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, तुम्हाला स्वतःची मीटिंग आहे, अल-ॲनॉन, पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईवडिलांसाठी, भावंडांसाठी, १९५१ पासून जगभर चालू आहे, आणि तो मीटिंगला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता. त्याच्या पाळतीवर राहून, बाटल्या मोरीत ओतून, त्याच्या साहेबाला "ताप आलाय" म्हणून फोन करून जो जीव थकलाय त्याला बसायला एक जागा मिळते. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. एसटी स्टँडवर, भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती असतात, पुडी आणून भाजीत, वरणात मिसळून द्यायची. हे करू नका. त्यात काय असतं ते कळायला मार्ग नाही, आणि डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वरून तो प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जिवावर बेततं. तीच गोळी डॉक्टर देतात तेव्हा पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात, तो प्रकार वेगळा.

पहिली मीटिंग आवडली नाही असं होतं. एखाद्या ठिकाणी सगळे म्हातारेच, एखाद्या ठिकाणी एक जण खूप वेळ बोलत बसतो, एखाद्या ठिकाणी इंग्रजीच जास्त. त्यावरून "एए आपल्यासाठी नाही" असं ठरवू नका, निदान पाच-सहा वेगवेगळ्या ग्रुपला बसा. नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सांगतात, रोज एक, ऐकायला जास्त वाटतं पण रोज किती वेळ पिण्यात जायचा ते आठवा. शहरात हे जमतं, गावात ऑनलाइन धरून जमवायचं. पहिल्याच दिवशी निघताना दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी, प्यावंसं वाटत नसतानाच, एक फोन करून ठेवा, "काल भेटलो होतो" एवढंच, म्हणजे खरंच तलफ येईल तेव्हा फोन करताना अनोळखी वाटत नाही. नंतर त्यांच्यातूनच ज्याचं जगणं तुम्हाला पटतं अशा एकाला स्पॉन्सर व्हायला सांगायचं, तो पायऱ्या करून घेतो, पैसे घेत नाही. मध्ये स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलात, तर दुसऱ्या दिवशी मीटिंगला यायचं आणि सांगायचं. आलेल्याला टाळ्या वाजवून परत घेतात, मी दरवेळी बघतो. आणि हो, कठीण दिवस आधीच कॅलेंडरवर मार्क करा, गटारी, धुळवड, भावकीतलं लग्न, ३१ डिसेंबर, निवडणुका. "श्रावणभर पीत नाही म्हणजे मला प्रॉब्लेम नाही" असं म्हणणारे श्रावण संपला की कसे सुटतात ते सगळ्यांनी बघितलंय, तर तो आठवडा मीटिंगांनी भरून ठेवा. काही ग्रुप ३१ ला रात्री उशिरापर्यंत खास मीटिंग ठेवतात, जेवण पण असतं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच विचारून ठेवा.

पैशाबद्दल सावध करतो. एएच्या मीटिंगसाठी कोणी ॲडमिशन फी, रजिस्ट्रेशन मागितलं तर ती एए नाही. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर ते केंद्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली रजिस्टर आहे का ते विचारा, सर्टिफिकेट दाखवायला सांगा, डॉक्टर कोण आणि कधी येतात विचारा, घरच्यांना भेटू देतात का विचारा. "आम्ही गाडी पाठवतो, चार माणसं उचलून आणतील, तीन महिने फोनसुद्धा करायचा नाही" असं जिथं सांगतात तिथं आपला माणूस देऊ नका.

शेवटचा प्रश्न तालुक्याच्या, गावच्या लोकांचा, आमच्याकडे ग्रुपच नाही. पहिला उपाय ऑनलाइन, २०२० च्या लॉकडाउनपासून झूमवर मीटिंगा वाढल्या त्या आजही चालू आहेत, व्हिडिओ बंद ठेवून, नाव बदलून बसता येतं, दुबईत, पुण्यात, परदेशात असलेली मराठी माणसंही यावर येतात. शेतात, गोठ्यात, कुठंही हेडफोन लावून बसा. पण शक्य झालं तर महिन्यातून एकदा तरी एसटी पकडून प्रत्यक्ष मीटिंगला जा, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यात जो आधार आहे तो स्क्रीनवर येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे स्वतः ग्रुप सुरू करणं, आणि हे वाटतं तितकं मोठं काम नाही. सोबर राहू इच्छिणारी दोन माणसं एकत्र बसली की ती मीटिंग. आधी तुम्ही स्वतः जवळच्या शहरातल्या ग्रुपला काही महिने जा, पद्धत समजून घ्या, तिथल्या जुन्या मेंबरांना सांगा की आमच्या गावात सुरू करायचंय, ते सुरुवातीला येऊन बसतात. एए इंडियाचं मुख्य ऑफिस मुंबईत आहे, तिथून मराठी पुस्तकं, पत्रकं, बॅनर मागवता येतात. जागा म्हणजे ग्रामपंचायतीचा हॉल, शाळा, वाचनालय, समाजमंदिर, पण फुकट मिळाली तरी थोडं भाडं द्या म्हणजे कोणाचे उपकार राहत नाहीत आणि कुठल्या पुढाऱ्याचा बोर्ड लागत नाही. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही, पाऊस असो, यात्रा असो. सुरुवातीचे आठवडे तुम्ही दोघंच असाल, तरी तासभर बसा, वाचा, बोला. मग वार, वेळ आणि एक फोन नंबर असलेला साधा कागद करा आणि तो ग्रामीण रुग्णालयात, आशाताईंकडे, मेडिकल स्टोअरमध्ये, पोलिस स्टेशनला द्या, कारण पिणाऱ्याच्या घरचे आधी तिथंच जातात, आणि इंटरग्रुपला कळवून यादीत आपल्या गावाचं नाव घालून घ्या.